पंच, पैसा आणि न्याय

चैत्र-वैशाखाचे दिवस आले, खळीं उरकलीं, म्हणजे बारामती-इंदापूरकडील गांवोगांवच्या यात्रांना आरंभ होतो. आमचें लोणी भापकर हेंहि त्यांतलेंच एक गांव. येथील मल्लिकार्जुनाचें प्राचीन मंदिर आणि त्याजवळची पुष्करणी पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु या भागांतील मुलांना विचाराल, तर यात्रेंतील खरी मौज कुस्त्यांच्या फडांत आहे, असेंच तीं सांगतील. हलगी कडाडूं लागते, चिमुकलीं पोरें रेवड्यांच्या कुस्त्यांस उतरतात, आणि दिवस कलतां कलतां मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती लागते. त्या वेळीं हजारों डोळे दोन मल्लांवर खिळलेले असतात. तिसऱ्या मनुष्याकडे, म्हणजे पंचाकडे, फारसें कोणी पाहत नाहीं. हा लेख त्या तिसऱ्या मनुष्याविषयीं आहे.

मी लहान असतांना अशाच एका फडांत एक प्रसंग पाहिला. तो फड कोणत्या गांवचा, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. शेवटच्या जोडींतील एक मल्ल जिराईत भागांतला गरीब मुलगा होता. भाकरी बांधून घेऊन तो पायीं आला होता. दुसरा मल्ल, ज्या गृहस्थांनीं इनाम लावलें होतें, त्यांच्याच तालमींत खुराक खाऊन तयार झालेला. घटकाभर झटापट झाली. अखेरीस त्या गरीब मुलानें प्रतिस्पर्ध्यास खालीं घेतलें, आणि आतां त्याची पाठ मातीस लागणार, इतक्यांत पंचांनीं दोन्ही हात वर करून कुस्ती बरोबरींत सुटल्याचें जाहीर केलें. इनाम दोघांस निम्में निम्में वांटून देण्यांत आलें. तो मुलगा एक शब्दहि बोलला नाहीं. माती कपाळास लावून गर्दींतून निघून गेला. घरीं परततांना मीं आजोबांस विचारलें, "पंच लबाड होते का?" आजोबा म्हणाले, "लबाड नव्हते रे. पण ज्यानें पंचाच्या डोक्यावर फेटा बांधला, त्याच्याच मल्लाची पाठ मातीला लागलेली पंचाला दिसायची कशी?"

पुढें मोठेपणीं खेळांतील गैरप्रकारांचीं मोठमोठीं प्रकरणें वाचनांत आलीं, तेव्हां त्या प्रत्येक प्रकरणांत मला तो फेटा दिसूं लागला. कोठें तो लक्षावधी डॉलरांचा होता, कोठें कोट्यवधि रुपयांचा; पण प्रश्न आजोबांचाच होता. विद्यार्थिमित्रहो, तो प्रश्न तुमच्या शाळेच्या पटांगणापर्यंत येऊन पोंचला आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम, नियम न्याय्य केव्हां ठरतो, तें पाहूं. नियम कडक असला म्हणजे तो न्याय्य असतो, असें नाहीं. त्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, तो सर्वांस आधीं ठाऊक असला पाहिजे. दुसरी, तो लहानमोठ्या सर्वांस सारखाच लागू झाला पाहिजे, आणि शिक्षा अपराधाच्या मानानें असली पाहिजे. तिसरी, निवाडा करणाऱ्याचा त्या निवाड्यांत स्वतःचा लाभ वा तोटा गुंतलेला नसावा. वादी हाच न्यायाधीश होऊं शकत नाहीं, हें तत्त्व जगांतील सर्व सुधारलेल्या न्यायपद्धतींनीं मान्य केलें आहे.

आपल्याकडील शेतकऱ्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. कालव्याच्या पाण्याची पाळी ठरलेली असते, आणि पाळी मोडणाऱ्यास दंड असतो. आतां कल्पना करा कीं, चारीच्या शेवटास असलेल्या एकरभर रानाच्या धन्यानें रात्रीं तासभर दार उघडें ठेविलें, तर त्यास दंड होतो. परंतु चारीच्या तोंडाशीं ज्याचा ऊस उभा आहे, त्यानें चार रात्री पाणी घेतलें, तरी पाटकरी तिकडे फिरकत नाहीं. या ठिकाणीं नियम वाईट नाहीं, पाळी हवीच. वाईट आहे ती नियमाची अंमलबजावणी. आणि नियमापेक्षां अंमलबजावणीच माणसाच्या अनुभवास येते, हें लक्षांत ठेवावें. ज्या चारीवर असें वारंवार घडतें, तेथें शेवटचा शेतकरी कांहीं दिवसांनीं पाळीसच हसूं लागतो. अन्यायानें नियम राबविला, म्हणजे नियमाचीच लाज जाते ती अशी.

आतां हाच प्रकार अमेरिकेंतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्यें कसा घडला, तें पाहूं. तिकडे ज्यास फुटबॉल म्हणतात, तो आपण पायानें खेळतों तो खेळ नव्हे. त्यांचा चेंडू लांबट असतो. तो हातांत घेऊन धांवावयाचें असतें, आणि अडविणारे अंगावर तुटून पडतात. १९०५ सालीं या खेळांत कित्येक तरुण प्राणांस मुकले, तेव्हां राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून घेतलें. पुढच्याच वर्षीं, १९०६ सालीं, महाविद्यालयांची एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. ती आज 'एन. सी. ए. ए.' या आद्याक्षरांनीं ओळखली जाते. मुलांच्या प्राणांचें रक्षण करण्यासाठीं जन्मास आलेली ही संस्था पुढें मुलांच्या खिशांचीहि राखण करूं लागली. खेळणारा हा विद्यार्थी आहे. शिष्यवृत्तीपलीकडे त्यानें खेळाबद्दल एक पैहि घेतां कामा नये, असा तिचा मुख्य नियम होता.

नियमामागील हेतु उदात्त होता. विद्येच्या मंदिरांत पैशाचा बाजार नको, हें कोणासहि पटेल. परंतु बाजार तर भरलाच होता! एकेका मैदानावर लाखभर प्रेक्षक पैसे मोजून बसत. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें संस्थेची दूरचित्रवाणीवरील मक्तेदारी मोडल्यावर विद्यापीठें आपल्या सामन्यांचे हक्क स्वतःच विकूं लागलीं. आणि प्रशिक्षकांस विद्यापीठाच्या कुलगुरूंपेक्षांहि अधिक वेतन मिळूं लागलें. पैसा सर्वांकडे जात होता; एकट्या खेळाडूकडे तो गेला, म्हणजे तेवढा अपराध ठरत होता.

अशा स्थितींत जें होणार तेंच झालें. टेक्सास राज्यांतील डॅलस शहरीं सदर्न मेथडिस्ट नांवाचें विद्यापीठ आहे. त्याच्या धनिक पाठीराख्यांनीं चांगले खेळाडू मिळविण्यासाठीं गुप्तपणें पैसे वांटले. पूर्वीं अनेकदां शिक्षा होऊनहि तो प्रकार थांबला नाहीं. १३ खेळाडूंस मिळून सुमारें ६१,००० डॉलर दिल्याचें उघडकीस आलें, आणि विद्यापीठाच्या कारभाऱ्यांस तें माहीत होतें, हेंहि बाहेर आलें. फेब्रुवारी १९८७ मध्यें मध्यवर्ती संस्थेनें त्या विद्यापीठाचा त्या वर्षाचा संपूर्ण हंगामच रद्द केला. लोक या शिक्षेस 'मृत्युदंड' म्हणूं लागले, आणि तें नांव सार्थ ठरलें. पुढील वर्षीं विद्यापीठानें आपण होऊनच संघ उतरविला नाहीं, आणि त्यानंतर अनेक वर्षें तो संघ डोकें वर काढूं शकला नाहीं.

येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, एवढी कडक शिक्षा त्यानंतर कोणत्याहि मोठ्या फुटबॉल-संघास पुन्हां झाली नाहीं. गैरप्रकार थांबले म्हणून झाली नाहीं काय? तसें नव्हे, प्रकरणें तर पुढेंहि होतच राहिलीं. परंतु एक मोठा संघ बंद पडला, म्हणजे त्याच्याशीं खेळणाऱ्या इतर संघांचेंहि उत्पन्न बुडतें, आणि संस्था तर त्या सर्वांचीच मिळून बनलेली. शिवाय संस्थेस न्यायालयाचे अधिकार नाहींत. साक्षीदारास शपथेवर बोलावण्याची शक्ति तिला नाहीं. म्हणून जो महाविद्यालयाचा प्रमुख स्वतः होऊन चूक कबूल करतो, तो सांपडतो. जो तोंड मिटून आणि हुशार वकील लावून बसतो, तो बहुधा निसटतो. बड्यांस चिमटा आणि लहानांस फटका, अशी तक्रार तेथें वर्षानुवर्षें ऐकूं येत असे.

शिक्षा कोणास लागते, हेंहि पाहण्यासारखें आहे. रेजी बुश नांवाच्या नामांकित खेळाडूनें सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत असतांना बाहेरच्या लोकांकडून पैसे व इतर लाभ घेतले, असा ठपका आला. निकाल लागला २०१० सालीं. तेव्हां बुश विद्यापीठ सोडून चार वर्षें झालीं होतीं. संघास दोन वर्षें अखेरच्या मानाच्या सामन्यांची बंदी झाली, शिष्यवृत्त्या घटविल्या गेल्या. आणि हें सारें सोसलें त्या मुलांनीं, जीं अपराधाच्या वेळीं शाळेंत शिकत होतीं! बुशलाहि आपल्या हाइझमन करंडकावरील हक्क त्याच वर्षीं सोडावा लागला. पुढें २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें संस्थेच्या पैसेबंदीविरुद्ध एकमतानें निकाल दिला, त्याच वर्षापासून खेळाडूंस आपल्या नांवावर व प्रतिमेवर पैसा मिळविण्याची मोकळीक मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्यें बुशचा करंडक त्यास सन्मानानें परत करण्यांत आला. जून २०२५ मध्यें तर न्यायालयानें एका तडजोडीस मान्यता दिली, आणि विद्यापीठांसच खेळाडूंना थेट पैसे देतां येतील, असें ठरलें. त्यासाठीं पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागें सुमारें २ कोटी ५ लक्ष डॉलर ठेवण्यांत आली. काल जें पाप होतें, तें आज वेतन झालें. आणि ही नवी मर्यादा पाळली जाते कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं जी नवी यंत्रणा निघाली, तीहि बड्या विद्यापीठसंघांनींच उभी केलेली. म्हणजे फेटा पुन्हां तालमीच्या धन्यानेंच बांधला!

दूरच्या लोकांचे दोष दिसणें सोपें असतें. आतां आपल्या घरांत पाहूं.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना १९२८ सालची. त्याचें मुख्य कार्यालय मुंबईस आहे. या मंडळाचा एक शहाणपणाचा नियम होता. मंडळाच्या कोणत्याहि पदाधिकाऱ्यानें मंडळाच्या सामन्यांत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापारी हितसंबंध ठेवतां कामा नये, असें त्यांत म्हटलें होतें. २००८ सालीं इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली आणि संघ लिलांवानें विकले गेले. त्यांत चेन्नईचा संघ इंडिया सिमेंट्स या कंपनीनें घेतला. कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक एन. श्रीनिवासन हे त्या वेळीं मंडळाचे कोषाध्यक्ष होते. नियमाप्रमाणें एक तर पद सुटावयास हवें होतें, नाहीं तर संघ. घडलें तिसरेंच : सप्टेंबर २००८ मध्यें नियमच बदलण्यांत आला, आणि या नव्या स्पर्धेस त्यांतून वगळण्यांत आलें. पुढें २०११ सालीं श्रीनिवासन मंडळाचे अध्यक्ष झाले. सामने भरविणारा, त्यांचे नियम करणारा, नियम मोडणाऱ्यास शासन करणारा आणि एका संघाच्या मालक कंपनीचा प्रमुख, हे चारी जण एकाच आसनावर बसले.

मे २०१३ मध्यें या व्यवस्थेची परीक्षा झाली. पैसे घेऊन ठराविक षटकांत ठराविक धांवा देण्याच्या आरोपावरून राजस्थान संघाच्या तीन खेळाडूंस दिल्ली पोलिसांनीं पकडलें. थोड्याच दिवसांत मुंबई पोलिसांनीं चेन्नई संघाशीं संबंधित गुरुनाथ मय्यप्पन यांस सट्ट्याच्या आरोपावरून अटक केली. हे मंडळाच्या अध्यक्षांचे जांवई. मंडळानें चौकशीसाठीं दोन निवृत्त न्यायाधीशांची समिति नेमली, आणि जुलैअखेर तिनें संघांच्या मालकांविरुद्ध पुरावा नसल्याचा निष्कर्ष दिला. परंतु दोनच दिवसांत, ३० जुलै २०१३ रोजीं, मुंबई उच्च न्यायालयानें त्या समितीची रचनाच बेकायदेशीर ठरविली. ती मंडळाच्या स्वतःच्याच नियमांस धरून नव्हती. या प्रकरणांत न्यायालयाचें दार कोणीं ठोठावलें, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तें मुंबईच्या वा चेन्नईच्या धनाढ्य संस्थेनें ठोठावलें नाहीं. मंडळांत ज्यांस त्या काळीं पूर्ण मानाचें स्थानहि नव्हतें, त्या बिहारच्या क्रिकेट संघटनेनें ठोठावलें. चारीच्या शेवटच्या शेतकऱ्यानेंच पाळीचा हिशेब मागितला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. न्यायमूर्ति मुद्गल यांच्या समितीनें चौकशी केली, आणि २२ जानेवारी २०१५ रोजीं न्यायालयानें निकाल दिला. नियमांतील २००८ सालचा बदल रद्द झाला. मंडळ ही खासगी संस्था असली, तरी तें सार्वजनिक स्वरूपाचें कार्य करतें, म्हणून त्यास न्यायालयापुढें जाब द्यावा लागेल, असें ठरलें. श्रीनिवासन यांनीं प्रकरण दडपल्याचा आरोप मात्र सिद्ध झाला नाहीं, असेंहि न्यायालयानें स्पष्ट केलें. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. हितसंबंधाचा दोष सिद्ध होण्यास अप्रामाणिकपणा सिद्ध व्हावाच लागतो, असें नाहीं. पंच मनानें निर्मळ असेलहि. परंतु त्यानें त्या आसनावर बसूंच नये, एवढाच या तत्त्वाचा अर्थ. माझ्या आजोबांनीं "लबाड नव्हते रे" म्हटलें होतें, त्याचा अर्थ मला हा निकाल वाचतांना कळला.

शिक्षा ठरविण्याचें काम न्यायालयानें मंडळाकडे न ठेवतां माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या समितीकडे दिलें. १४ जुलै २०१५ रोजीं तिनें मय्यप्पन आणि राजस्थान संघाचे एक मालक राज कुंद्रा यांस क्रिकेटच्या कारभारांतून कायमचें दूर केलें, आणि चेन्नई व राजस्थान या दोन्ही संघांच्या मालक-कंपन्यांस दोन वर्षें निलंबित केलें. त्या दोन वर्षांसाठीं जे दोन नवे संघ घेण्यांत आले, त्यांपैकीं एक आपल्या पुण्याचा होता. पण पाहा, न्यायाची कशी साखळी असते! २०१६ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत भीषण दुष्काळ होता. माणसांस प्यावयास पाणी नाहीं आणि मैदानें मात्र हिरवीं ठेवावयाचीं, हें कसें चालेल, असा प्रश्न उभा राहिला, आणि मुंबई उच्च न्यायालयानें एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुण्याच्या संघास विशाखापट्टणम् गांठावें लागलें. पैशाचा खेळ किती मोठा झाला, तरी गांवच्या तहानेपेक्षां तो मोठा नाहीं, हें त्या आदेशानें दाखविलें. जिराईत भागांतील आम्हां लोकांस तें अधिक समजावून देण्याची आवश्यकता नाहीं.

आतां शिक्षांची तुलना करूं. निलंबित झालेला चेन्नईचा संघ २०१८ सालीं परत आला आणि त्याच वर्षीं अजिंक्यपद जिंकून गेला. पकडलेल्या खेळाडूंपैकीं श्रीशांत यास मंडळानें आजन्म बंदी केली होती. दिल्लीच्या न्यायालयानें २०१५ सालीं त्यास फौजदारी आरोपांतून मुक्त केलें, तरी बंदी उठली नाहीं. मार्च २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आजन्म बंदीचा हुकूम बाजूस सारून शिक्षेच्या प्रमाणाचा पुन्हां विचार करण्यास सांगितलें, आणि ती सात वर्षांवर आली. मी खेळाडूच्या वर्तनाचें समर्थन करीत नाहीं. जो पैशासाठीं आपला खेळ विकतो, तो प्रेक्षकांचा विश्वास विकतो. परंतु कंपनीचें आयुष्य लांब असतें, दोन वर्षें तिला एखाद्या दुष्काळासारखीं जातात. खेळाडूचें खेळण्याचें आयुष्यच मुळीं दहा-पंधरा वर्षांचें. म्हणून शिक्षेचीं वर्षें मोजतांना तीं कोणाच्या आयुष्यांतून वजा होणार, हेंहि मोजावें लागतें.

सुधारणेच्या मार्गांतहि न्यायाचे बारीक प्रश्न उभे राहतात. लोढा समितीनें 'एक राज्य, एक मत' असा नियम सुचविला, आणि २०१६ सालीं न्यायालयानें तो स्वीकारला. ऐकतांना तो अगदीं निर्दोष वाटतो. परंतु महाराष्ट्रांत मुंबई, पुण्याची महाराष्ट्र संघटना आणि नागपूरची विदर्भ संघटना अशा तीन जुन्या संस्था आहेत. रणजी करंडक चाळीसाहून अधिक वेळां जिंकणाऱ्या मुंबईनें मत गमवावें काय? कीं तीन मतांमुळें ज्या राज्यांस एकच मत आहे, त्यांच्यावर अन्याय होतो? दोन्ही बाजूंस तथ्य आहे. अखेर ९ ऑगस्ट २०१८ रोजीं न्यायालयानें या तिन्ही संस्थांचें पूर्ण सदस्यत्व कायम ठेविलें. पदाधिकाऱ्यांनीं किती वर्षें सलग अधिकारावर राहावें, याचा नियमहि पुढें २०१८ व २०२२ सालीं सैल झाला. दरम्यान २०२३ ते २०२७ या पांच वर्षांच्या सामन्यांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटि रुपयांस विकले गेले. पैसा वाढत जातो, आणि त्याच्या मागोमाग नियमांचे दोर सैल करण्याचा मोहहि वाढत जातो. म्हणून ते दोर वेळोवेळीं तपासून पाहावे लागतात.

कोणी म्हणेल, या क्रिकेटच्या मोठ्या गोष्टी. कुस्तीच्या मातींत असें नाहीं. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्यें अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत काय झालें, तें आपण सर्वांनीं पाहिलें. विजेत्यास मोटारगाडीचें बक्षीस होतें. पाठ टेकल्याचा पंचांचा निर्णय एका नामांकित मल्लास मान्य झाला नाहीं, आणि वादाच्या भरांत त्यानें पंचांस लाथ मारली. त्याच स्पर्धेंतील आणखी एका मल्लासह त्यास तीन वर्षांसाठीं निलंबित करण्यांत आलें. निर्णय चुकला होता असें क्षणभर धरलें, तरी लाथ हें त्याचें उत्तर नव्हे; जो पंचावर पाय उचलतो, तो आपली बाजू खरी असली तरी हरतो. परंतु ज्यांच्या हातीं व्यवस्था आहे, त्यांनींहि एक धडा घ्यावा. तक्रार ऐकणारें निःपक्ष स्थान जवळ असेल, तर तरुण रक्ताला तोंडानें बोलण्याची संवय लागते. संसदेनें २०२५ सालीं राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा संमत केला, त्यांत खेळांतील तंट्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे, ती याच जाणिवेनें.

पालकहो, आतां आपल्याकडे वळूं. शालेय खेळांत पैसा कोठें आहे, असें आपण म्हणाल. तो नाण्यांच्या रूपांत नाहीं, पण आहे. खेळांतील प्रावीण्याबद्दल दहावीच्या परीक्षेंत सवलतीचे गुण मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंस पांच टक्के जागा राखीव आहेत. ही तरतूद चांगली आहे. जी मुलगी पहांटे उठून धांवते, तिच्या घामास किंमत मिळालीच पाहिजे. परंतु जेथें लाभ आला, तेथें लबाडीची वाटहि आली. वय कमी दाखवून लहान गटांत मुलें उतरविणें, न खेळलेल्या खेळाचें प्रमाणपत्र मिळविणें, असे प्रकार घडतात. खोट्या क्रीडा-प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळविल्याचीं प्रकरणें आपल्याच राज्यांत उघडकीस आलीं आहेत. जन्मतारखेंतील एक आंकडा बदलतांना बापास वाटतें, आपण मुलाचें कल्याण करीत आहों. परंतु त्या दिवशीं कोठल्या तरी वाडीवरचा एक खरा चौदा वर्षांचा मुलगा सतरा वर्षांच्या मुलाकडून हरून घरीं जातो, आणि आपल्यांतच कांहीं कमी आहे, असें समजून खेळ सोडून देतो. त्याचें नुकसान कोणत्याहि वहींत मांडलें जात नाहीं.

मग उपाय कोणता? पैसा खेळांतून हांकलून देणें हा नव्हे. अमेरिकेनें तें शंभर वर्षें करून पाहिलें, आणि पैसा मागील दारानें आंत शिरला. गरीब खेळाडूस त्याच्या श्रमाचें मोल मिळावें, हें न्यायाचेंच आहे. उपाय एवढाच कीं, पैसा उघडा असावा आणि पंच वेगळा असावा. इनाम कोणीं लावलें, हें फडांत मोठ्यानें सांगावें. परंतु पंच त्या गृहस्थाचा नसावा. पंचाचा मान सर्व गांवाच्या वर्गणींतून व्हावा, शक्य तर पंच परगांवचा असावा, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध शांतपणें दाद मागण्याची सोय असावी. शाळेच्या सामन्यांतहि ज्या वर्गाचा सामना, त्याच वर्गाचा शिक्षक पंच नसावा; वयाचे दाखले दोन्ही पक्षांनीं पाहावे; आणि शिस्तभंगाची शिक्षा संघाच्या उत्तम खेळाडूस आणि राखीव बांकावरच्या मुलास सारखीच असावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. उद्यांचा सामना जिंकावयाचा आहे आणि आपलाच उत्तम गोलंदाज दोषी आहे, अशा वेळीं त्यास बाहेर बसविणारा शिक्षक मुलांस जें शिकवितो, तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं थोडे जण मल्ल किंवा क्रिकेटपटु होतील. परंतु पंच तुम्हां सर्वांसच व्हावें लागणार आहे. कोणी ग्रामपंचायतींत बसेल, कोणी सोसायटीचें कर्ज वांटील, कोणी पाण्याच्या पाळ्या लावील, कोणी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासील. त्या वेळीं तुमच्यासमोर दोन मल्ल उभे असतील, आणि तुमच्या डोक्यावर कोणी तरी प्रेमानें फेटा बांधूं पाहील. तो बांधून घेण्यापूर्वीं क्षणभर थांबा आणि त्याचें कापड कोणाच्या दुकानांतून आलें, तें विचारा. तो मुलगा त्या संध्याकाळीं माती कपाळास लावून निघून गेला. पुढें त्याचें काय झालें, मला ठाऊक नाहीं. त्याच्यासारखा दुसरा कोणी तुमच्या फडांतून तसाच न बोलतां निघून जाऊं नये, एवढें जरी तुम्हीं केलेंत, तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक होईल.